टॅब घेण्याआधी तो उन्हात धरून पाहा

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरोघर आणि शेतोशेत फिरून माहिती भरणाऱ्यांसाठी यंत्रे घ्यायची म्हटली की निविदेत काय असणार, हे आम्हाला एव्हाना पाठ झाले आहे. एवढी रॅम, एवढे मेगापिक्सेल, एवढ्या इंचांचा स्क्रीन. आकडे खोटे नसतात. पण फॉर्म भरताना आम्ही जिथे अडतो, त्याबद्दल त्यात क्वचितच काही असते.

पहिली अडचण उन्हाची. खोलीत लख्ख दिसणारा ४०० निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचे एकक) स्क्रीन भर दुपारी आरसा होतो. प्रश्नाऐवजी आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो. ८०० ते १००० निट्स असतील तर निभावते. त्यातही मेख अशी की यंत्र तापले की ते स्वतःला वाचवायला उजेड आपोआप कमी करते, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी. मग एका हातात टॅब, दुसऱ्याचा आडोसा, आणि बोट टेकवायला तिसरा हात कुठून आणायचा?

पावसाचे त्याहून विचित्र आहे. आयपी६७ असे लिहिले असेल तर धूळ आत जात नाही आणि १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटे यंत्र तग धरते. उत्तमच. पण आत पाणी न जाणे वेगळे आणि ओल्या स्क्रीनवर बोट चालणे वेगळे. थेंब पडतो आणि 'नाही'च्या जागी 'हो'वर खूण होते. ते लक्षात आले नाही तर तसेच पुढे जाते आणि तुमच्या अहवालात टक्केवारी होऊन बसते. 'मिल-एसटीडी-८१०' (यंत्राचा दणकटपणा तपासायचे अमेरिकी लष्कराचे मानक) या शब्दांनीही भुलू नये. त्यात चाचण्यांच्या अनेक पद्धती आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे बहुधा कंपनीच ठरवते. नेमक्या कोणत्या केल्या, ते लेखी मागावे.

आता जीपीएस. सिम नसलेल्या, फक्त वायफायवर चालणाऱ्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएसची चिपच नसते. असा टॅब आसपासच्या वायफायवरून जागेचा अंदाज बांधतो, आणि माळरानावर वायफाय कुठले? चिप असली तरी रेंज नसताना उपग्रहांची माहिती थेट आकाशातून घ्यावी लागते. ती सेकंदाला ५० बिट्स इतक्या संथपणे येते, त्यामुळे पहिले स्थान मिळायला वेळ लागतो. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. घर शोधायला ते पुरे. बांध मोजायला नाही, तिथे वेगळे यंत्रच हवे.

आकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दारात उभ्याने प्रश्न विचारायचे असतील तर मोठा फोन किंवा फार तर ८ इंची टॅब. १० इंची टॅब नकाशावर हद्द आखणाऱ्यांना द्यावा, बाकीच्यांचे मनगट दुखते.

आणि ॲपच प्रत्येक पानाला नेट मागत असेल, तर यंत्र कितीही भारी घ्या, उपयोग शून्य. मोबाइलवर फॉर्म भरायच्या ओडीके या सॉफ्टवेअरचे काम २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाले. त्यात आधी फॉर्म भरायचा आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवायचा, ही सोय कधीपासूनच आहे. तेव्हा ही गोष्ट अवघड आहे, असे आम्हाला कुणी सांगू नये.

मागणी एवढीच. निविदेतले तपशील ठरण्याआधी तीन-चार मॉडेल्स रोज फॉर्म भरणाऱ्यांच्या हाती द्या. नमुन्याचा नव्हे, खरा, फोटोंसकट लांबलचक फॉर्म. दिवसभर नेट बंद, भर दुपारी, ओल्या बोटांनीही. संध्याकाळी किती बॅटरी उरली आणि किती फॉर्म सुखरूप पोचले, ते जाहीर करा. यंत्र हरवले तर त्यातली लोकांची माहिती कुलूपबंद राहील का, सुरक्षा अपडेट्स किती वर्षे मिळतील आणि दोन वर्षांनी थकलेली बॅटरी कोण बदलून देणार, हेही खरेदीच्या आदेशातच लिहिलेले असावे.

आपला,
एक क्षेत्रीय सर्वेक्षक