दोष स्पीकरचा नव्हे!

संपादक महोदय,

संगणकाचा आवाज सुधारायला ‘इक्वलायझर एपीओ’ टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. लावायचा कसा, हे मात्र अर्धवटच सांगितले जाते. खालच्या-वरच्या सुरांची पातळी हवी तशी कमी-जास्त करणारे विंडोजवरचे हे मोफत सॉफ्टवेअर ब्राउझरपासून व्हिडिओ प्लेअरपर्यंत सगळ्यांचा आवाज एकाच जागी बदलते. इन्स्टॉल करताना उपकरणांची यादी येते. ज्यातून प्रत्यक्ष ऐकायचे, त्याच स्पीकरवर वा हेडफोनवर खूण करून संगणक रीस्टार्ट करायचा. खूण चुकली, की पट्ट्या कितीही सरकवा, फरक शून्य.

खरी गडबड पुढे होते. बास, म्हणजे खालचे सूर, ६ डेसिबलने चढवला, की ध्वनिलहरीची उंची जवळपास दुप्पट होते आणि डिजिटल मर्यादेबाहेरचा भाग छाटला जातो. आवाज फाटतो आणि बोल लागतो बिचाऱ्या स्पीकरला! सर्वांत मोठी वाढ जितकी, तितका ‘प्रीअँप’ (एकूण आवाजाची पातळी) उणे ठेवावा. इथे उणे ६. त्याहून बरे म्हणजे चढवण्याऐवजी उतरवणे. बोलणे कोंदट वाटत असेल तर २५० हर्ट्झवर, क्यू (पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) १ ठेवून, ३-४ डेसिबल कमी करून पाहावेत. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ काढण्याचा हट्ट सोडावा. पदरी नुसती खरखर पडते.

विंडोजमधील ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद असतील तर हा इक्वलायझरही गप्प बसतो. ड्रायव्हर अपडेटनंतरही अनेकदा तेच होते. तेव्हा उपकरणांच्या यादीत पुन्हा खूण करावी. विंडोजची ध्वनिप्रक्रिया टाळून आवाज थेट उपकरणाकडे पाठवणाऱ्या ‘एएसआयओ’ किंवा ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ या पद्धती वापरणाऱ्या प्लेअरवर मात्र तो चालतच नाही.

– एक वाचक, ठाणे