मंत्रिमहोदय, ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुणाच्या शिवारात?

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, सादर नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात हळद पिकवते. हे पत्र खळ्यावर बसून लिहिते आहे. समोर दोन एकरांतली हळद शिजवून पसरली आहे, आज तिला सहावा दिवस. वरून कोरडी दिसते, पण हळकुंड मोडून पाहिलं तर आत अजून ओल आहे. पुरती वाळली की ती बोटांत टचकन मोडते, धातूवर वाजावं तसा आवाज येतो. तो आवाज यायला अजून आठ-नऊ उन्हं पाहिजेत.

आणि नेमका या आठवड्याचा अंदाज आला आहे. मराठवाड्यात कमाल तापमान चाळिशीच्या वर, पुढच्या तीन-चार दिवसांत तुरळक ठिकाणी वादळी वारा, मेघगर्जना आणि हलका ते मध्यम पाऊस. यलो अलर्ट. खाली सल्ला आहे की काढलेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा.

सल्ला बरोबर आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ती मी न चुकता वाचते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे हे वातावरण का तयार होतं, तेही त्यातूनच मला कळत गेलं. जमीन तापते, विदर्भापासून दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाची रेषा पसरते, समुद्रावरून बाष्प आत येतं, आणि दुपारी तीन-चारनंतर आभाळ उभं राहतं. एका गावाला झोडपतं, शेजारचं गाव कोरडं राहतं. पावसाळ्यातल्या पावसासारखा हा पाऊस मोठा टापू धरत नाही, म्हणून त्याचा नेमका अंदाज देणं अवघड असतं हे मला मान्य आहे. तक्रार अंदाजाची नाही. अंदाज आणि माझं खळं यांच्या मधे कुणीच नाही, ही माझी तक्रार आहे.

हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. म्हणजे चार गावांतलं फार तर एक. हा अर्थ आमच्या वाडीतल्या दहा जणांना विचारला तर दहा वेगळी उत्तरं मिळतील. कुणी म्हणतो थोडा पाऊस, कुणी म्हणतो उगाच लिहितात. पाऊस किती आणि किती ठिकाणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, झाकून टाका, त्यात काय एवढं? साहेब, हळद झाकणं फुकट होत नाही. दोन एकरांची हळद गोळा करून ढीग लावायला आठ-दहा बाया लागतात, आणि सकाळी पुन्हा पसरायलाही तेवढ्याच. ताडपत्रीखाली वाफ धरते. ओल्या हळदीचा ढीग दोन रात्री झाकून राहिला की ती घामेजते, चिकट होते, मग बुरशी. आणि न झाकता पाऊस पडला तर रंग जातो, हळकुंड काळवंडतं. पॉलिश करूनही ते लपत नाही. बीटात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, व्यापारी मूठभर हळद उचलतो, एकदा बघतो आणि पुढच्या ढिगाकडे जातो. नऊ महिने जमिनीत सांभाळलेलं पीक, त्याचा भाव त्या एका नजरेत ठरतो.

गेल्या वर्षी अशाच अलर्टवर आम्ही तीन दिवस झाकून बसलो. पाऊस पलीकडच्या महसूल मंडळात, म्हणजे शेजारच्या गावांच्या गटात पडला, आमच्याकडे कडक ऊन. अंदाज खरा ठरला आणि माझी हळद तरी खराब झाली. चौथ्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा जो वास आला, तो माझ्या सासूबाईंनी अंगणातूनच ओळखला. त्या काही बोलल्या नाहीत. खाली बसून वेचायला लागल्या.

शास्त्र मागे आहे असंही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू केला. २०२५ च्या मेमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली नवी प्रणाली आली, ती १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. महावेध प्रकल्पात राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं आधीच उभी आहेत. हे सगळं मला पुतण्याने मोबाइलवर दाखवलं, तेव्हा कळलं. पण आकडे वाचून मी आज हळद पसरवायची की नाही, हे विचारायचं कुणाला?

विचारता यावं म्हणून एक व्यवस्था होती. देशभरात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं कृषी विज्ञान केंद्रांमध्ये सुरू झाली होती. तिथे हवामानाचा आणि पिकाचा जाणकार बसत होता, तालुक्यापुरता सल्ला देत होता. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करायचा निर्णय झाला. अंदाज बारीक होत चालला आणि तो समजावून सांगणारा माणूस मात्र काढून घेतला, हे मला कळत नाही.

ती केंद्रं केंद्र सरकारची होती, मान्य. पण तुम्ही पाठपुरावा करा, आणि तिकडून होत नसेल तर राज्याच्या पैशातून आपल्या प्रत्येक जिल्ह्यात एक जाणकार बसवा. अवकाळीच्या दोन-तीन महिन्यांत रोज दुपारी बारापर्यंत मंडळनिहाय निरोप द्या, साध्या मराठीत आणि आवाजात. ‘आज चार ते आठ, तुमच्या मंडळात शक्यता कमी, पण पश्चिमेला ढग दिसले तर झाका’ एवढं पुरे. लिहिलेलं माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, पंचायतीच्या भोंग्यावरचं ऐकू येतं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच भोंग्यावर काल काय सांगितलं होतं आणि मंडळातल्या केंद्रावर प्रत्यक्षात किती मिलिमीटर पडला, तेही सांगा. चुकलं तरी चालेल. चुकलं हे सांगितलं, तर पुढच्या वेळी आम्ही ऐकू.

हा प्रश्न हळदीपुरता नाही. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर वादळात कडुनिंबाचं झाड कोसळलं आणि सात माणसं गेली. त्या महिन्यातलं वादळ काय करू शकतं, हे आम्हाला नव्याने सांगायला नको. ते कधी आणि कुठल्या बाजूने येतंय, तेवढं सांगा.

दुपारचे दोन वाजले आहेत. वारा पडलाय, उकाडा वाढलाय, पश्चिमेला अजून काही नाही. बाया चारला घरी जातील. त्याआधी मला ठरवायचंय, ढीग लावायचा की पसरलेली राहू द्यायची.

आपली,
वसमत तालुक्यातली एक हळद उत्पादक