ज्युरीत पोलीस नकोत

ब्रिटनमधील ज्युरी पद्धतीवरचा (म्हणजे सामान्य नागरिकांनी खटल्याचा निकाल देण्याच्या पद्धतीवरचा) आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. पण इंग्लंडमध्ये पोलिसांनाही ज्युरीसाठी पात्र ठरवणाऱ्या २००३च्या कायद्याचे त्यातील समर्थन पटले नाही. लंडनच्या एका खटल्यात झडती घेताना पोलीस सार्जंटला आरोपीच्या खिशातील सिरिंजची सुई टोचली. नेमके काय घडले, यावर दोघांचे म्हणणे परस्परविरोधी होते आणि निकाल देणाऱ्या १२ जणांत एक पोलीस अधिकारी होता, तोही त्याच भागात नोकरी केलेला! तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७मध्ये ती शिक्षा रद्द केली, तीही ३ विरुद्ध २ मतांनी. दुसऱ्या एका प्रकरणात ज्युरीतील पोलिसाने साक्षीदार पोलीस आपल्या ओळखीचा असल्याचे स्वतःहून कळवले, तरी त्याला बसू दिले गेले. हा खटला निष्पक्ष नव्हता, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११मध्ये ठरवले. प्रश्न पोलिसांच्या प्रामाणिकपणाचा नाहीच. खात्यातल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो, ती सवय कोर्टाच्या दारात कशी सुटणार? आरोपीला मात्र त्याच निकालावर तुरुंगात जावे लागते. पोलिसांची साक्ष वादग्रस्त असेल, अशा खटल्यांतून तरी त्यांना कायद्यानेच वगळायला हवे.

– एक वाचक, ठाणे