फुकटच्या सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली चौथ्या पानावरची ‘फुकटचे सॉफ्टवेअर पडले महागात’ ही चोराची आणि त्रुटी कळवणाऱ्या मुलाची बातमी आणि तिच्याखालची ‘काय काळजी घ्याल?’ ही चौकट वाचली. रात्रीच लिहायला बसले होते, पण रागात लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग कमी झालेला नाही. चौकटीतला पहिलाच सल्ला ‘मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरणे टाळा’ असा आहे. ओपन सोर्स म्हणजे ज्याच्या आतल्या ओळी कोणीही वाचू-बदलू शकतं असं सॉफ्टवेअर. हा सल्ला खरोखर पाळायचा म्हटलं तर माझा फोनही बंद ठेवावा लागेल, कारण अँड्रॉइड लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर उभं आहे. तुमच्याच ई-पेपर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘ओपन सोर्स परवाने’ नावाचं पान आहे. ती यादी बोटाने सरकवून पाहा, संपता संपत नाही. त्यातल्या प्रत्येक नावामागे कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं काम आहे.

मी एकोणीस वर्षं याच धंद्यात आहे. धरमपेठेत आमचं आठ जणांचं ऑफिस आहे, दवाखाने आणि लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही स्वतः लिहिलेल्या ओळी थोड्या, बाकी सगळी पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे. दहा घेतली की ती आपल्यासोबत आणखी शंभर घेऊन येतात. ती शंभर कोणी लिहिली, लिहिणारा आज काय करतो, हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. मीही विचारत नव्हते.

२०२३ च्या पावसाळ्यात विचारावं लागलं. आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं काम होतं. त्यांची गावोगावची कलेक्शन सेंटरं दिवसभराचे रिपोर्ट झिप करून पाठवायची आणि आमचा प्रोग्राम ती झिप उघडून प्रत्येक रिपोर्ट जागेवर ठेवायचा. उघडण्याचं काम एक छोटं ओपन सोर्स पॅकेज करत होतं. मी तिथे लागण्याच्याही आधी कोणीतरी ते घेतलेलं. एका सेंटरची फाइल उघडेना म्हणून मी पहिल्यांदाच त्या पॅकेजच्या आत डोकावले, आणि जे शोधत होते ते बाजूलाच राहिलं. फाइलच्या नावात ‘एक फोल्डर वर जा’ अशा अर्थाची दोन टिंबं आणि तिरपी रेघ घातली की पॅकेज मुकाट्याने वर जात होतं. पुन्हा घातली की आणखी वर. म्हणजे रिपोर्टच्या नावाखाली पाठवलेली फाइल सर्व्हरवर भलत्याच जागी जाऊन बसू शकत होती, चालू प्रोग्रामची फाइल पुसून तिच्या जागीसुद्धा. ही खोड जुनी आहे. जून २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने तिचा बोभाटा झाला आणि कितीतरी लायब्रऱ्या, म्हणजे अशीच पॅकेजं, तेव्हा दुरुस्त झाल्या. ही राहून गेली, कारण हिला वाली उरला नव्हता. शेवटचा बदल त्या बोभाट्याच्याही आधीचा, खाली लोकांचे प्रश्न पडलेले, एकालाही उत्तर नाही.

अशा वेळी काय करायचं, ते तुमच्या चौकटीत यायला हवं होतं. हे चव्हाट्यावर लिहायचं नसतं, कारण ते वाचून सगळ्यात आधी चोर धावतो. लिहिणाऱ्याला खासगीत कळवायचं आणि दुरुस्तीला मुदत द्यायची. नव्वद दिवसांचा प्रघात आता बराच रुळला आहे. तोवर आपल्या घरचं दार आपण लावून घ्यायचं. मी त्याच रात्री त्या माणसाला ईमेल केला आणि फाइलचं नाव तपासणाऱ्या सात ओळी लिहिल्या. त्या लॅबच्या सर्व्हरवर बसवायला परवानगी हवी होती. तिथले मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, चालून राहिलं ना, मंग काहून हात लावता?’ मी वेगळ्या मशीनवर माझीच एक फाइल पाठवून काय होतं ते दाखवलं. खोलीतले सगळे गप्प झाले. मग पहिला प्रश्न आला तो असा, की हे तुम्हाला कसं माहीत, आणखी कोणाला सांगितलंय? संध्याकाळी माझं लॉगिन बंद झालं. आमच्या सरांना फोन गेला की तुमच्याकडच्या बाई आमचा सर्व्हर फोडून दाखवतात.

चार दिवस मी तो सर्व्हर लांबूनच बघत होते. दार उघडं आहे हे मला माहीत, त्यांनाही माहीत, आणि कडी लावणारीलाच बाहेर उभं केलेलं. संपादक महोदय, तुमच्या बातमीत चोराला ‘हॅकर’ म्हटलंय आणि त्रुटी कळवणाऱ्या मुलालाही ‘हॅकर’च म्हटलंय. त्या मुलाच्या घरी काय झालं असेल, याचा अंदाज मला आहे. आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा आहे. हल्ला झाल्याचं लक्षात आल्यावर सहा तासांत तिला कळवा, असा २०२२ पासून आदेश आहे. नुसती त्रुटीही तिथे कळवता येते, तिला सीव्हीई क्रमांकही, म्हणजे जगभर त्रुटी ओळखायचा नंबरही, तिथून मिळू शकतो. मी तेव्हा कळवलं नाही. नोकरीची भीती वाटली. आज वाटतं, कळवायला हवं होतं.

एक्केचाळीस दिवसांनी पॅकेजवाल्याचं उत्तर आलं. कॉलेजात असताना लिहिलं होतं, आता दोन मुलं आहेत, रात्रपाळी आहे. आजवर आलेल्या पत्रांत ‘कधी दुरुस्त करणार?’ एवढंच असायचं, दुरुस्तीच हातात देणारं हे पहिलंच, असं त्याने लिहिलं होतं. माझ्या सात ओळी घेऊन त्याने त्याच रात्री नवी आवृत्ती काढली. खाली एक ओळ होती: तुम्हीच सांभाळता का हे? किल्ल्या देतो.

किल्ल्या म्हणजे पॅकेजची नवी आवृत्ती काढायचा अधिकार. दोन ईमेलची ओळख. माझं नाव खरं की खोटं हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. मी वेळ नाही म्हणून नकार दिला आणि विसरून गेले.

२९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या पॅकेजची बातमी फुटली तेव्हा मला ती ओळ आठवली आणि अंगावर काटा आला. ते पॅकेज लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा गृहस्थ वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. मनाची तब्येत बरी नाही, हे छंदाचं काम आहे, असं त्याने २०२२ मध्ये उघड लिहिलंही होतं. त्याच दिवसांत काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली होती की काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याकडे द्या. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोन वर्षं इमानेइतबारे दुरुस्त्या पाठवल्या, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला, म्हणून ते उघडकीला आलं. नाहीतर ती वाट कुठवर पोचली असती कोण जाणे. मला किल्ल्या देणारा माणूस वाईट नव्हता, थकला होता. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याने त्यालाही दिल्या असत्या.

म्हणून ‘फुकटचे’ हा शब्द मला बोचतो. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची त्रुटी सापडली तेव्हा जगातल्या मोठमोठ्या वेबसाइट त्यावर उभ्या होत्या आणि त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळत होती सुमारे २,००० डॉलर. पैसे घेऊन लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं नसतात असं नाही, ती बाहेरून दिसत नाहीत एवढंच. इथे मी आत जाऊन पाहू शकले आणि सात ओळी घालू शकले.

आता त्या लॅबचं पुढचं. लॉगिन परत मिळालं, पण ‘मोठ्या अपडेटसोबत एकदाच बसवू’ असं ठरलं. तारीख सप्टेंबरअखेरची. २३ सप्टेंबरला अंबाझरीचं पाणी शहरात शिरलं, लॅबच्या तळघरातले इन्व्हर्टर बुडाले, आणि अपडेट मागे पडलं ते पडलंच. माझी दुरुस्ती जगात कोणीही उतरवून घेऊ शकत होतं, आणि जिच्यासाठी लिहिली ती लॅब आठ महिने जुन्याच आवृत्तीवर होती. रोज शेकडो लोकांचे रक्ताचे रिपोर्ट त्यातून जात होते, त्यात माझ्या आईचेही. अमेरिकेत लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीचं असंच झालं. ती वापरत असलेल्या स्ट्रट्स या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधली त्रुटी मार्च २०१७ मध्ये दुरुस्त झाली होती. इक्विफॅक्सने ती दुरुस्ती बसवली नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

नागपुरातल्या वार्षिक देखभालीच्या करारांत प्रिंटरचं कार्ट्रिज असतं, यूपीएसची बॅटरी असते. वापरलेल्या पॅकेजची यादी द्या, दुरुस्ती आली की अमुक दिवसांत बसवा, वाली नसलेलं पॅकेज सापडलं तर ते बदलण्याचा किंवा स्वतः सांभाळण्याचा खर्च धरा, हे कलम मी अजून एकाही करारात वाचलेलं नाही. अशी घटकांची यादी कशी ठेवायची याची मार्गदर्शक सूचना सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आहे. तपासणीच्या टूलने दाखवलेला प्रत्येक इशारा आपल्याला लागू असतो असंही नाही, तो भाग आपण वापरतो का हे बसून पाहावं लागतं. त्याला माणसाचा वेळ लागतो आणि त्या वेळाचं बिल निघतं. मला माझ्या वेळाचं मिळालं नव्हतं. त्या सात ओळी मी घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिल्या.

ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, ही विनंती. त्रुटी सापडली तर कोणाला आणि कसं कळवायचं, एवढं तरी त्यात यावं. कळवणाऱ्या मुलाला ‘हॅकर’ म्हणणं बंद करावं.

जाता जाता आणखी एक. तुमचं ई-पेपर अ‍ॅप माझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट मागतं. पेपर वाचायला ते कशाला लागतात, हे मी ग्राहक सेवेला दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. ‘नाही’ दाबलं की अ‍ॅप उघडत नाही. पहिल्या पानावर आमच्या खासगीपणाची काळजी करणाऱ्या वृत्तपत्राने याचं उत्तर छापील अंकात द्यावं, मी वाट पाहते.

आपली,
एक नियमित वाचक,
त्रिमूर्ती नगर, नागपूर