दादा, बोर्ड चालू झाला, थँक्यू

दादा नमस्कार,

त्या रात्री फोनवर नीट थँक्यू म्हणायचंच राहून गेलं म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. गावातल्या वाचनालयाची पुस्तकांची अख्खी यादी त्या रॉक६४ बोर्डवर (छोटासा कॉम्प्युटरच तो) होती, मेमरी कार्ड बदललं आणि बोर्ड बूटच होईना, म्हणजे सुरूच होईना, मॉनिटर नाही, त्यामुळे सिरीयल कन्सोल, म्हणजे वायरी जोडून बोर्डचे मेसेज लॅपटॉपवर बघणं, हा एकच रस्ता होता आणि तिथे तीन दिवस नुसता कचरा दिसत होता, चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह. मी आपला टीएक्स-आरएक्सच्या (डेटा पाठवायच्या आणि घ्यायच्या) वायरी उलटसुलट करत बसलेलो.

तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "बॉड रेट किती ठेवलायस?" म्हणजे डेटा जायचा-यायचा वेग. ११५२०० सांगितल्यावर म्हणालात की कचरा का होईना दिसतोय ना, मग वायर बरोबर आहे, वेग चुकलाय, रॉकचिप कंपनीच्या चिपवरचे बरेच बोर्ड १५००००० ने बोलतात. तो वेग टाकून पण जमेना, तेव्हा लॅपटॉप आणि बोर्डच्या मधल्या यूएसबी अडॅप्टरच्या चिपवरचं नाव वाचायला लावलीत. सीपी२१०२ होती, तिची धाव १० लाखांपर्यंतच! हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तेवढा वेग पेलणारा स्वतःचा एफटी२३२ चिपचा अडॅप्टर पाठवून दिलात, वर बजावलंत की जंपर ३.३ व्होल्टवर ठेव, लाल वायर लावूच नको, फक्त ग्राउंड आणि दोन डेटाच्या.

लॉग स्वच्छ आला, पण बूट 'इनिटरामएफएस'च्या प्रॉम्प्टवर (मुख्य सिस्टीम सापडली नाही की येतो तो) येऊन थांबलं आणि टाइप केलेलं एक अक्षर जाईना. मला वाटलं बोर्डची आरएक्स पिनच जळली, रडायचंच बाकी होतं खरं सांगतो. तेव्हा तुम्ही म्हणालात बोर्ड बाजूला काढ, अडॅप्टरच्या टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोड आणि टाइप करून बघ. काहीच परत आलं नाही, म्हणजे दोष बोर्डात नाहीच, लॅपटॉपच्या बाजूला! मिनिकॉममध्ये (लॅपटॉपवरचा कन्सोलचा प्रोग्राम) हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू होतं, 'पाठव' अशी परवानगी देणाऱ्या सीटीएस पिनला वायरच नाही तर ते परवानगीची वाट बघत बसलेलं. कंट्रोल-ए, मग ओ, तिथे बंद केलं आणि अक्षरं धडाधड उमटली. ही वायर जोडून बघायची टेस्ट मला सगळ्यात जास्त आवडली, आता कुठलाही बोर्ड आला की आधी तीच करणार.

पुढे ब्लकआयडी ही कार्डाचे आयडी दाखवणारी कमांड मारल्यावर कळलं, नवीन कार्डावर इमेज लिहून वरून जुन्या फाइली ओतल्या त्यात आर्मबियनएन्व्ह या बूटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जुन्या कार्डाचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तसाच आलेला. कार्ड लॅपटॉपमध्ये घालून तिथे आणि एफएसटॅब या दुसऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये नवा टाकला, झालं.

पावणेबारापर्यंत फोनवर होतात तुम्ही, सकाळी सहाची शिफ्ट असताना, आणि एकदाही "एवढं पण येत नाही का" असा सूर लागला नाही तुमचा. मी तेच ते परत विचारत होतो तरी. हे मी विसरणार नाही दादा.

वाचनालयात यादी परत दिसायला लागलीये. अडॅप्टर द्यायला रविवारी येतो, घरी असाल ना?