क्लोरॅम्फेनिकॉल वापरण्याआधी

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद. आई-बाबांना नमस्कार सांग.

प्रोजेक्टमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल वापरणार आहेस, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते. हे औषध बहुतेक जिवाणूंना मारत नाही, थांबवतं. रायबोझोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) मोठ्या भागाला चिकटून प्रथिनाची साखळी वाढू देत नाही. हे ध्यानात ठेवूनच सगळी कामं आख.

स्टॉक (साठवणीचं तीव्र द्रावण) इथेनॉलमध्येच कर, पाण्यात ते फार कमी विरघळतं. ३४० मिलिग्रॅम पावडर घेऊन एकूण १० मिलिलिटर कर. उणे २० अंशांवरही तो द्रवच राहतो. झाकण मात्र घट्ट हवं; इथेनॉल उडालं की स्टॉक तीव्र होतो आणि जिवाणूंच्या वसाहती का येत नाहीत हे शोधत बसावं लागतं. अगार (प्लेटमध्ये ओतायचं, गोठणारं माध्यम) ५०-५५ अंशांपर्यंत निवला की हजारास एक या प्रमाणात घाल, म्हणजे ५०० मिलिलिटरला ५०० मायक्रोलिटर.

खरी मेख ट्रान्सफॉर्मेशनमध्ये, म्हणजे जिवाणूत बाहेरचा डीएनए शिरवण्यात, आहे. प्रतिकाराचं जनुक पेशीत शिरलं तरी त्याचं एन्झाइम अजून तयार झालेलं नसतं, आणि ते तयार करायलाच रायबोझोम मोकळे लागतात. हीट शॉकनंतर (डीएनए आत शिरावा म्हणून दिलेल्या क्षणभराच्या उष्णतेनंतर) लगेच प्लेटवर पसरलंस तर प्लास्मिड (ते जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं कडं) मिळालेली पेशीही अडकून पडते. म्हणून औषधाशिवायच्या माध्यमात, ३७ अंशांवर, शेकरवर पूर्ण एक तास दे. अँपिसिलिनला हा वेळ कमी दिला तरी बऱ्याचदा निभावतं, इथे नाही. मात्र अँपिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या वसाहतीभोवती जी बारीक पिल्लावळ उगवते, ती इथे क्वचितच दिसते. तिथलं एन्झाइम बाहेर झिरपून आसपासचं औषध संपवतं; इथलं पेशीतच राहतं.

कंट्रोल (तुलनेच्या प्लेट) दोन: प्लास्मिड नसलेल्या पेशी औषधाच्या प्लेटवर, आणि त्याच पेशी साध्या प्लेटवर. पहिलीवर काही उगवलं तर त्या दिवसाचे निकाल धरू नकोस.

पीबीआर३२२ हे प्लास्मिड वापरलंस तर या औषधाचा आणखी एक उपयोग आहे. वाढत्या कल्चरला मिलिलिटरमागे १७० मायक्रोग्रॅम देऊन रात्रभर ठेवलं की प्लास्मिडच्या प्रती वाढतात: गुणसूत्राची नवी प्रत सुरू व्हायला ताजी प्रथिनं लागतात, या प्लास्मिडला नाही. पीयूसी प्लास्मिडच्या प्रती मुळातच भरपूर असतात, तिथे हा खटाटोप नको.

पावडर तोलताना हातमोजे आणि मास्क घालच. क्वचित का होईना, हे औषध माणसाच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं बंद पाडतं. यात हयगय केलेली मला चालणार नाही.

तुझी,
ताई