अंदाजावर बोनस नको

महोदय,

छोट्या बायोटेक कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे पेटंट आणि संशोधन. ‘आयएएस ३८’ या अमूर्त मालमत्तेविषयीच्या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार कंपनीने स्वतः केलेल्या संशोधनाचा खर्च थेट नफा-तोटा पत्रकात जातो; तेच काम दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतले, तर मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढते. पुढे त्याचे मूल्य विक्रीच्या अंदाजांवर टिकते आणि हे अंदाज बांधते व्यवस्थापनच. त्याच आकड्यांवर वरिष्ठांचा बोनस ठरत असेल, तर ते सरळसरळ गैर आहे. औषधाची चाचणी फसली की मूल्य एका झटक्यात निर्लेखित होते (हिशेबातून काढून टाकले जाते), वाटलेला बोनस मात्र सहसा परत येत नाही. तो वसूल करण्याची अट करारातच हवी. भागधारकांनीही वार्षिक सभेत विचारावे: यशाची शक्यता किती टक्के धरली, भविष्यातील कमाईचे आजचे मूल्य काढताना डिस्काउंट रेट किती लावला, पेटंटच्या २० वर्षांपैकी किती उरली?

– एक भागधारक